कोल्हापूरचा सिनेमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरला पाहुणे आले की अंबाबाईचं दर्शन होतं, रंकाळ्याला चक्कर होते, पन्हाळा होतो. मग रात्री तांबडा-पांढरा ओरपताना कुणीतरी हमखास विचारतं, "इथं पूर्वी सिनेमे निघायचे म्हणतात, ते स्टुडिओ कुठं आहेत?" या प्रश्नाला मी गेली अनेक वर्षं तोंडी उत्तरं देत आलो आहे. आमचे आजोबा जयप्रभा स्टुडिओत सुतारकाम करायचे, त्यामुळे हा विषय आमच्या घरातलाच. आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

सिनेमाचा बाजार मुंबईत होता. मग कोल्हापूरसारख्या लहान शहरात हा धंदा उभा राहिलाच कसा?

कारण सिनेमाला लागणारी माणसं इथं आधीपासून होती. राजर्षी शाहू महाराजांनी गवई, मल्ल, चित्रकार, नाटकवाले या सगळ्यांना आसरा दिला होता. १९१५ साली त्यांनी पॅलेस थिएटर बांधलं, तेच पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. नाटक कंपन्यांना रंगवलेले पडदे लागत. पडदे रंगवणारे चित्रकार इथं होते, कपडेपट शिवणारे होते, दागिने घडवणारे होते, लाकूड आणि लोखंड दोन्हीत हात चालणारे मिस्त्री होते. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे चुलत भाऊ अशाच मिस्त्री घराण्यातले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श कंपनीचे पडदे त्यांनी रंगवले आणि लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. ते नाव असं चिकटलं की मूळचं मिस्त्री हे आडनाव मागे पडलं.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. तो पाहून देशात कितीतरी जणांना सिनेमा काढावासा वाटला असेल. या दोघा भावांना मात्र आधी कॅमेरा करावासा वाटला. कोल्हापूरचा स्वभाव कळायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

कॅमेरा खरोखर कोल्हापुरात बनवला होता का, की ही दंतकथा आहे?

खरोखर बनवला होता. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता, त्यात पहिलं महायुद्ध सुरू. आनंदरावांनी खटपट सुरू केली, पण १९१६ साली ते गेले. बाबूराव खचले नाहीत. विष्णुपंत दामले हा त्यांचा शिष्य हाताशी होता. दोघांनी मिळून १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालता केला.

कॅमेऱ्याच्या आत फिल्म सरकते, क्षणभर थांबते, पडदी उघडते, मिटते, पुन्हा फिल्म सरकते. हे सेकंदाला सोळाएक वेळा बिनचूक व्हावं लागतं. एक दाता केसभर चुकला तर चित्र थरथरतं. लेथवर पितळेचे भाग कातून, कानशीने घासून, पुन्हापुन्हा जुळवून ते साधलं. शाळा फारशी न शिकलेल्या माणसांनी हे केलं आहे. हेच दामले पुढे प्रभात फिल्म कंपनीचे ध्वनिलेखक झाले आणि 'संत तुकाराम'चे एक दिग्दर्शकही.

पहिल्या कंपनीला पैसा कुणी दिला?

तानीबाई कागलकर या गायिकेने. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७-१८ च्या सुमारास निघाली, तेव्हा तानीबाईंनी आपली कमाई पुढे केली. सावकारांनी आणि सरदारांनी जिथं हात आखडता घेतला तिथं एका गाणाऱ्या बाईने विश्वास टाकला. कोल्हापूरच्या सिनेमाचा इतिहास सांगताना हे नाव अनेकदा राहून जातं, म्हणून मुद्दाम वेगळा प्रश्न केला.

'सैरंध्री'चं एवढं कौतुक का?

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा हा पहिला मूकपट. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात तो लागला. गोष्ट महाभारतातली, कीचकवधाची. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं हुबेहूब उतरलं होतं की प्रेक्षक हादरले, आणि पुढे ते कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यातली स्त्रीपात्रं स्त्रियांनी केली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. त्या काळी बऱ्याच कंपन्यांत पुरुषच लुगडी नेसून उभे राहत. या दोघींना समाजाची बोलणी खावी लागली. त्यांच्या त्या धाडसाचा उल्लेख व्हायला हवा तेवढा होत नाही.

बाबूराव पेंटर नेमके कशात मोठे होते?

एका वाक्यात सांगायचं तर ते आधी चित्र काढत आणि मग ते पडद्यावर आणत. चित्रीकरणाआधी प्रसंगांची रेखाटनं तयार असत. मागं रंगवलेला सपाट पडदा टांगून पुढं नटाला उभं करायची पद्धत त्यांनी सोडली आणि उंची, रुंदी आणि खोली असलेले सेट उभारले. 'सिंहगड' (१९२३) साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश लावून रात्रीची दृश्यं घेतली. उन्हावर चालणाऱ्या त्या धंद्यात हे मोठं पाऊल होतं. जाहिरातीचं भित्तिचित्रही ते स्वतः रंगवत. 'कल्याण खजिना'चं १९२४ सालचं पोस्टर आजही चित्रकलेचे विद्यार्थी अभ्यासतात.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'सावकारी पाश' (१९२५). देशभर देव, राक्षस आणि राजे पडद्यावर नाचत होते. अशा वेळी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून त्यांनी कर्जात बुडणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. सावकार जमीन लुबाडतो, शेतकरी गाव सोडून शहरात गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका केली शांताराम वणकुद्रे नावाच्या पोराने, म्हणजे आपल्या व्ही. शांताराम यांनी. भारतीय सिनेमातल्या वास्तववादाबद्दल बोलताना लोक पन्नासच्या दशकापासून सुरुवात करतात. ती सुरुवात तीस वर्षं आधी कोल्हापुरात झाली होती, असं मी ठामपणे म्हणतो. धंद्याच्या दृष्टीने मात्र तो चित्रपट फारसा चालला नाही. लोकांना स्वतःचंच दुःख पाहायला पैसे मोजायचे नव्हते.

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरची की पुण्याची?

जन्म कोल्हापूरचा, कर्तृत्व पुण्याचं. या वाक्यावर दोन्हीकडचे लोक भांडतात, पण तारखा तेच सांगतात.

१ जून १९२९ रोजी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेली चार माणसं, म्हणजे शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर, आणि त्यांच्या जोडीला सराफ सीतारामपंत कुलकर्णी, अशा पाच भागीदारांनी प्रभात काढली. पहिला मूकपट 'गोपाळकृष्ण'. असे सहा मूकपट कोल्हापुरात झाले. त्यातल्या एकाचं नाव होतं 'स्वराज्याचं तोरण', शिवचरित्रावरचं. इंग्रज सरकारला 'स्वराज्य' हा शब्दच खुपला, म्हणून तो 'उदयकाल' नावाने आला. मग १९३२ साली 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट, दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे यांचा. तोही इथलाच. मराठी माणसाने पडद्यावर पहिल्यांदा आपली भाषा ऐकली ती कोल्हापुरात तयार झालेल्या चित्रपटातून.

१९३३ साली प्रभात पुण्याला गेली. कारण साधं होतं. मूकपटाला ऊन आणि हात पुरत होते. बोलपटाला आवाज बंदिस्त ठेवणारं मोठं चित्रीकरणगृह, भरवशाची वीज, मुंबईहून सहज येता येईल असं ठिकाण आणि भांडवल लागणार होतं. पुणे त्या दृष्टीने सोयीचं होतं. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' ही सगळी पुढची पुण्यातली कामगिरी. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली आणि त्या जागेत १९६० साली केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली.

प्रभात गेल्यावर कोल्हापूरचं संपलं का?

उलट एका अर्थाने तेव्हाच बहर आला. छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने १९३३ मध्ये कोल्हापूर सिनेटोन निघालं. भालजी पेंढारकरांचा 'आकाशवाणी' तिथला. मास्टर विनायकांनी दिग्दर्शनाची सुरुवात तिथंच 'विलासी ईश्वर'ने केली. महाराजांच्या भगिनी अक्कासाहेब महाराजांनी रंकाळ्याकाठी शालिनी सिनेटोन उभं केलं. तिथं बाबूराव पेंटरांनी 'उषा', बोलक्या रूपातला 'सावकारी पाश' आणि 'प्रतिभा' केले.

१९३६ साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली. हंसचे चित्रपट म्हणजे मराठी साहित्य आणि सिनेमा यांचा खरा संसार. 'छाया' वि. स. खांडेकरांचा. खांडेकर स्वतः पुढे कोल्हापुरात येऊन राहिले. 'ब्रह्मचारी' (१९३८) आचार्य अत्र्यांचा. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि महाराष्ट्रभर चर्चा झाली. पण त्या चित्रपटाचं खरं बळ होतं अत्र्यांच्या विनोदात आणि विनायकांच्या चेहऱ्यावर. लिहिणारे, गाणारे, रंगवणारे सगळे एका शहरात, एकमेकांच्या घरी चहाला जाता येईल इतक्या अंतरावर. अशी जमवाजमव पैशाने होत नाही.

लता मंगेशकरांचा आणि कोल्हापूरचा नेमका संबंध काय?

एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लतादीदी बारा वर्षांच्या होत्या आणि घरात धाकटी भावंडं. मास्टर विनायकांनी त्यांना काम दिलं. विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स कोल्हापुरात होती, मंगेशकर कुटुंब इथं राहिलं, 'माझं बाळ', 'गजाभाऊ' अशा चित्रपटांत लतादीदींनी छोट्या भूमिका केल्या, गायल्या. १९४५ मध्ये विनायकांनी कंपनी मुंबईला हलवली आणि दीदीही गेल्या. पुढे 'आनंदघन' या नावाने त्यांनी संगीत दिलं ते बहुतेक भालजींच्या चित्रपटांना: 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. 'ऐरणीच्या देवा तुला' हे जगदीश खेबुडकरांचं गाणं 'साधी माणसं'मधलं. लोहाराच्या भात्याचा ताल त्या गाण्यात जसा वाजतो तसा दुसरीकडे कुठं ऐकल्याचं मला आठवत नाही.

भालजी पेंढारकर आणि जयप्रभा स्टुडिओ यांच्याबद्दल सांगा.

यावर पुस्तक होईल, थोडक्यात सांगतो.

भालजींनी कोल्हापूर सिनेटोनची वास्तू घेतली आणि ती जयप्रभा झाली. स्टुडिओतली सगळी मंडळी त्यांना 'बाबा' म्हणत. कलाकार, मेकअपमन, सुतार, रंगारी, स्वयंपाकी, सगळ्यांचा मिळून एक मोठा वाडा असावा तसा तो कारभार. लेखन, गीतं, दिग्दर्शन सगळं बाबा करत. 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक', 'छत्रपती शिवाजी' हे त्यांचे ऐतिहासिक चित्रपट. पन्हाळ्याच्या तटावर घोडे धावत ते त्यांच्याच चित्रपटात. सुलोचनाबाई, चंद्रकांत आणि सूर्यकांत मांढरे, गणपत पाटील, अशी किती नावं घ्यायची. 'वाल्मीकी'त (१९४६) पृथ्वीराज कपूर वाल्मीकी झाले आणि त्यांचा मुलगा राज नारद झाला. दादा कोंडक्यांचं पडद्यावरचं पहिलं पाऊल 'तांबडी माती'तलं (१९६९).

आजोबा सांगायचे ते त्यांच्याच शब्दांत देतो. "ढाल पुठ्ठ्याची, तलवार शिसवी लाकडाची, वर चंदेरी रंग. पण बाबा ती हातात घेऊन बघायचे. तोल नसला की परत. म्हणायचे, नटाला वजन लागलं नाही तर तो मावळा दिसत नाही." आमच्या माळ्यावर अशी एक तलवार अजून आहे. चंदेरी रंग बराचसा उडालाय, मुठीवर दोरी गुंडाळलेली आहे आणि पात्याच्या टोकाला, दिसणार नाही अशा जागी, शिशाचा छोटा तुकडा ठोकलेला आहे. वजनासाठी. पडद्यावर तो तुकडा कधीच दिसला नसेल.

१९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार भालजींना मिळाला. १९९४ मध्ये ते गेले.

१९४८ मध्ये काय झालं?

गांधीजींच्या हत्येनंतर कोल्हापुरात दंगल उसळली, ब्राह्मणांची घरं-दुकानं जाळली गेली. जयप्रभाही पेटवला गेला. 'मीठभाकर' तयार होत होता, त्याची निगेटिव्ह जळाली. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि तो चित्रपट पुन्हा चित्रित केला. पण त्या कर्जाने त्यांची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. १९५९ मध्ये स्टुडिओची मालकी लता मंगेशकरांकडे गेली, काम मात्र भालजींच्या देखरेखीखाली चालू राहिलं.

या आगीबद्दल आमच्याकडे मोठ्याने बोलत नाहीत. मला वाटतं बोललं पाहिजे. ज्या शहराने स्टुडिओ उभारले त्याच शहरातल्या हातांनी एक जाळला, हेही त्या इतिहासात लिहिलेलं असावं.

संस्थान विलीन झाल्याचा परिणाम झाला का?

झाला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं. विलीनीकरण योग्यच होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण राजाश्रय म्हणजे फक्त रोकड नव्हती. जागा, घोडे, हत्ती, जुनी शस्त्रं, वाडे, सरकारी परवानगी, हे सगळं एका शब्दावर मिळत होतं. पुढे त्याच परवानग्यांसाठी मुंबईला खेपा सुरू झाल्या.

तमाशापटांनी मराठी सिनेमा आणि त्याबरोबर कोल्हापूरही बुडवलं, हे खरं का?

हे मला अर्धवट वाटतं. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्यात एकाच थिएटरात १३१ आठवडे चालला. त्यानंतर ढोलकी, फड, पाटील आणि नाच्या यांची रांग लागली. साचा झाला, हे खरं. पण याच साच्याने जयप्रभा आणि शालिनीत साठ-सत्तरच्या दशकात दिवे पेटते ठेवले. शेकडो घरांच्या चुली त्यावर पेटल्या. जगदीश खेबुडकरांसारखा गीतकार, अरुण सरनाईकांसारखा नट याच काळात फुलला. तमाशापटावर नाक मुरडणाऱ्यांनी एकदा जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये जमिनीवर बसून तो पाहिलेल्या माणसाशी बोलावं. त्याच्या दृष्टीने सिनेमा म्हणजे तोच होता. साच्याने कंटाळा आणला, धंदा बुडवला नाही.

मग खरं कारण काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि लोकांना एकच खलनायक हवा असतो. मला इतक्या वर्षांत जे समजलं ते असं: कोल्हापूरकडे माणसं होती, बाजार नव्हता. चित्रपट इथं बनत होता, पण त्याचं नशीब मुंबईत ठरत होतं.

फिल्म मुंबईहून यायची. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर सरकारने नियंत्रण आणलं तेव्हा लहान गावातल्या निर्मात्यांची अडचण सगळ्यांत मोठी होती. कृष्णधवल चित्रपट होते तोवर इथल्या प्रयोगशाळांत फिल्म धुऊन निघायची. रंग आला आणि तीही सोय गेली. दिवसभराचं काम डब्यात भरून रात्रीच्या गाडीने मुंबईला पाठवायचं आणि निकाल कळेपर्यंत दम धरायचा. काही बिघडलं तर सेट पुन्हा लावा, नटांना पुन्हा बोलवा. ज्याचा खर्च दोन दिवसांत भागायचा तो आठवड्यावर जायचा.

पैसा लावणारा वितरकही मुंबईचा. थिएटर मिळणं हा तर वेगळाच जाच. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर थिएटरात जागा मिळवायला शिवसेनेला रस्त्यावर उतरावं लागलं. दादरमध्ये ही गत, तर इतर गावांची कल्पना करा. हिंदी चित्रपट तयार असताना थिएटरवाला मराठीला पंधरा दिवस देईना.

मग माणसं गेली. शांताराम आधीच गेले होते, विनायक गेले, संगीतकार गेले. सुधीर फडके मूळचे कोल्हापूरचेच. नट म्हणून नाव झालं की मुंबईत घर घ्यावं लागायचं, कारण पुढचं काम तिथंच होतं. १९७७ मध्ये गोरेगावला चित्रनगरी झाली. त्याच सुमारास लोकांना खऱ्या घरात, खऱ्या शेतात केलेलं चित्रीकरण आवडू लागलं आणि स्टुडिओतल्या उभ्या सेटची गरज कमी झाली. पाठोपाठ दूरदर्शन घरात आलं, मग व्हिडिओ. स्टुडिओचं भाडं येईना, पण शहर मात्र वाढत होतं. रंकाळ्याकाठची आणि मंगळवार पेठेच्या आसपासची जमीन सोन्याची झाली. दिवे लावून मिळणाऱ्या भाड्यापेक्षा ती विकून मिळणारा पैसा कितीतरी मोठा. हा हिशेब मालकाला एकदा कळला की स्टुडिओ वाचवणं फार अवघड असतं.

यातलं एकेक कारण सोसता आलं असतं. पाठोपाठ आली, म्हणून सोसवली नाहीत.

सरकारने काहीच केलं नाही का?

केलं. १९७५ पासून मराठी चित्रपटांना करमणूक कर परत मिळू लागला. निर्मात्याला एका चित्रपटाचा कर परत मिळे तो पुढचा चित्रपट काढल्यावर. त्यामुळे चित्रपट निघत राहिले. दर्जाची अट मात्र त्यात नव्हती, तेव्हा कर सोडवण्यासाठी काढलेले चित्रपटही बरेच आले.

कोल्हापूर चित्रनगरीचं काय झालं?

मोरेवाडीच्या माळावर पाऊणशे एकरांच्या आसपास जागा घेऊन ऐंशीच्या दशकात ती मांडली गेली. कल्पना चांगली होती, पण नुसत्या भिंती आणि माळ यांनी चित्रपट होत नाही. कित्येक वर्षं तिथं गवत वाढलं. मी कॉलेजात असताना मित्रांबरोबर सायकलवर गेलो होतो. काचा फुटलेल्या, दरवाजे निखळलेले, एका सेटच्या जागेत शेळ्या बसलेल्या. फार वाईट वाटलं होतं.

अलीकडे तिथं डागडुजी झाली, नवी बांधकामं झाली, मालिकांचं चित्रीकरण होतं. कोल्हापूर भागाला मालिकांनी पुन्हा काम दिलं आहे. 'तुझ्यात जीव रंगला' वसगड्यात चित्रित झाली तेव्हा लोक गाड्या करून तो वाडा पाहायला यायचे. मेकअप, जेवण, जनरेटर, घोडागाडी, जुनी भांडी, शेतमजुराच्या भूमिकेतली माणसं, सगळं इथंच मिळतं. तेवढ्यापुरती का होईना, चूल पेटते.

जयप्रभा आणि शालिनी आता आहेत का?

शालिनीचा स्टुडिओ आता नाही. उरलेले भूखंड चित्रीकरणासाठीच राखून ठेवावेत म्हणून इथल्या लोकांनी बरीच आंदोलनं केली. जयप्रभाच्या मूळ आवारातला बराचसा भाग आधीच गेला. उरलेली वास्तू वारसा यादीत यावी म्हणून लढा झाला, न्यायालयापर्यंत गेला. २०२२ च्या फेब्रुवारीत ती जागा विकली गेल्याचं समोर आलं तेव्हा कलाकार, तंत्रज्ञ, साधे प्रेक्षक स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसले. दारात बसलेल्यांत सत्तरी-ऐंशीतली माणसं होती. एक आजी मला म्हणाल्या, "मी इथं गर्दीत उभी राहायची रे. पाच रुपये मिळायचे. पण सुलोचनाबाई शेजारी बसून जेवायच्या." त्या पाच रुपयांपेक्षा ते जेवण त्यांच्या जास्त लक्षात होतं.

कोल्हापूरचे जुने चित्रपट पाहायला मिळतात का?

फार थोडे. 'सैरंध्री' नाही, मूक 'सावकारी पाश' नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या कामातले 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांचे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घ्यायची. आणि जी पेटली नाही ती अनेकदा आतली चांदी काढण्यासाठी भट्टीत गेली. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आणि 'माया मच्छिंद्र' हे कोल्हापुरातले बोलपट मात्र आहेत. 'ब्रह्मचारी'ही पाहता येतो. ज्यांना एकच पाहायचा आहे त्यांनी 'साधी माणसं' पाहावा. कोल्हापूरच्या बोलीचा, भात्याचा आणि धुळीचा वास त्यात आहे.

माझ्या घरी जुनी पोस्टर्स, फोटो, गाण्यांची पुस्तिका आहेत. त्यांचं काय करू?

रद्दीत देऊ नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. कोरड्या जागी सपाट ठेवा, मध्ये पातळ कागद घाला. फोटोच्या मागे पेन्सिलीने, शाईने नव्हे, कोण कोण आहे ते लिहा, घरातलं वडीलधारं माणूस असेपर्यंतच. मग पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाशी बोला. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत चाळीसेक फोटो निघाले. त्यातल्या तीसेकांची नावं आता कुणालाच सांगता येत नाहीत.

कोल्हापुरात आलो तर सिनेमाशी जोडलेलं काय पाहता येईल?

खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे, तिथून सुरुवात करा. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचं कलासंग्रहालय आहे. पडद्यावरचा शिवाजी त्याच हातांनी निसर्गचित्रं किती नाजूक काढायचा ते तिथं दिसतं. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत होरपळलं, त्यामुळे जाण्याआधी तिथली स्थिती विचारून घ्या.

आणि जमलं तर १ डिसेंबरला या. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा स्थापना दिवस. सकाळी कॅमेरा स्तंभाजवळ माणसं जमतात, हार घालतात, कुणीतरी दोन शब्द बोलतं. शेजारून रिक्षा, दूधवाले, शाळेची मुलं जात असतात. गर्दी फार नसते, त्यामुळे जुन्या तंत्रज्ञांशी निवांत बोलता येतं. साडेआठच्या आत पोचा, उन्हं चढली की ते घरी जातात.